तुळशीवरची गळती

१

लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचं शेवटचं टोक शेवंतीचं होतं. कुणी लिहून दिलं नव्हतं. पण शेवटची खोली तिची, आणि खोलीपुढे कठड्याशी डालड्याचे डबे, गळक्या बादल्या, कान तुटलेली बरणी असं जे मांडलं होतं त्यात तिची बाग होती. मोगरा, दोन जास्वंदी, अबोली, गवती चहा, कठड्यावर चढवलेली गोकर्ण. आणि मधोमध एका खोक्यावर, मातीच्या मोठ्या कुंडीत तुळस.

यंदाचा उन्हाळा चळल्यासारखा वागत होता. पहाटे कठडा दवाने ओला असायचा, अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटे. उन्हं वर आली की तोच कठडा तव्यासारखा तापे. संध्याकाळी माझगावच्या अंगाने काळे ढग चढून यायचे, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उचलायला बायका शिंकत-खोकत धावायच्या, आणि ढग एक थेंब न टाकता निघून जायचे. झाडांनी करावं तरी काय? पाणी जास्त झालं की मोगऱ्याची मुळं कुजत, कमी झालं की जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळत. शेवंती सकाळी डबे कठड्याशी सरकवी, ऊन चढलं की भिंतीशी ओढी, वरच्या तुळईला गोणपाट बांधून सावली करी, आणि ढग आले की पुन्हा सोडी. लहान पोराला झोके द्यावेत तशी दिवसभर तिची ये-जा चालायची. पोर तिला नव्हतं.

तुळशीवर तिने चैत्री पौर्णिमेपासून गळती लावली होती. सुंभाच्या शिंक्यात मातीचं मडकं, बुडाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी. थेंब थेंब पाणी दिवसभर तुळशीवर पडत राहायचं. वैशाखात देवाला आणि तुळशीला अशी गळती लावायची रीत घरोघरी असते. पण शेवंतीची गळती नुसती रीत नव्हती, व्रत होतं. वैशाखी पौर्णिमेपर्यंत मडकं कोरडं पडू द्यायचं नाही. गळती खंडली नाही, तर ते घरी येतील.

ते म्हणजे तिचा नवरा, रघुनाथ. गिरणीत साच्यावर कापड विणायचा. जानेवारीत मराठी राज्याच्या मागणीवरून मुंबई पेटली, रस्त्यांवर दगड आणि घोषणा आणि मागून गोळ्या, त्या आठवड्यात एका दुपारी तो जेवून उठला आणि पाणी मागितलं. शेवंतीने तांब्या भरून आणला तोवर खालून आरडाओरडा झाला. "आलोच. येऊन पितो," म्हणत तो चप्पल अडकवून जिना उतरला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. इस्पितळांत नाव नाही, शवागारात ओळख पटली नाही. कुणी म्हणे येरवड्याच्या तुरुंगात बरेच जण खोटी नावं सांगून बसलेत. शेवंतीने त्या 'कुणी म्हणे'ला घट्ट धरून ठेवलं होतं. कपाळभर कुंकू लावायची, आणि कुणात त्या कपाळाकडे पाहण्याचं धाडस असेल तर पाहा, अशा मानेने नळावर जायची.

तुळशीच्या त्याच कुंडीत, काठाशी, एक रोप उगवलं होतं. मार्गशीर्षात गावाहून येताना रघुनाथने सोनचाफ्याच्या बिया आणल्या होत्या. "येव दे चाफो. तुझ्या वेणीक फूल तरी घरचा होयत," असं तिच्याकडे न बघता म्हणत त्याने त्या कुंडीत खोचल्या होत्या. त्यातली एक आता वर आली होती. तांबूस, लकाकती, नाजूक पानं. शेवंती त्या रोपाला रोज बोटाने स्पर्श करी आणि ते बोट कपाळाला लावी.

गळती लावून थोडे दिवस झाले असतील. एका संध्याकाळी तिने सवयीने कुंडीत बोट खुपसलं, आणि काढलं. बोटाला माती लागली नाही. कोरडी धूळ लागली.

मडकं सकाळी तिने स्वतः काठोकाठ भरलं होतं. आत पाहिलं तर पाणी तळाला गेलेलं. दिवसभर ते पडलं होतं. मग गेलं कुठे?

कुंडीपासून हातभर अंतरावर, जिथे वरून काहीच पडत नव्हतं, तिथे लादी ओली होती.

२

"कावळे गं, कावळे!" शेजारची शांता म्हणाली. शांता मूळची साताऱ्याची, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. "उन्हानं त्यांच्याबी घशाला कोरड पडती. वरच्यावर चोच लावत असतील. तू तुळशीला पाजतीस, पुण्य कावळ्याच्या खात्यात."

"कावळा पिईल तर मडक्यातून पिईल. थेंब कसा पिईल?"

"मग तूच झोपेत पीत असशील!" शांता खळखळून हसली आणि मिरच्यांचं सूप घेऊन गच्चीवर गेली.

शेवंतीने आपल्या परीने शोध घेतला. कुंडीला तडा नव्हता. तुळशीच्या मुळाशी मुंग्यांचं वारूळ नव्हतं. थेंब मात्र पूर्वीसारखा तुळशीच्या शेंड्यावर पडत नव्हता, काठाशी चाफ्याच्या रोपावर पडत होता. सुंभ पीळ सोडत असेल, शिंकं फिरलं असेल. तिला त्यात वावगं वाटलं नाही. कुंडी एक, माती एक. तुळशीला काय, त्यांच्या चाफ्याला काय. ती उकिडवी बसून थेंबाकडे पाहत राहिली. थेंब काडीच्या टोकाला फुगे, लोंबे, सुटे आणि रोपाच्या पानावर टप् करून फुटे. पान हले. माती भिजे. सगळं जिथल्या तिथे होतं.

आत स्वयंपाक बघायला ती उठली. परत आली तेव्हा माती सुकलेली होती, आणि हातभर अंतरावर लादी ओली.

ती पाहत असली की पाणी मातीत जायचं. ती नसली की जायचं नाही. ऊन आहे, वारा आहे, तापलेली कुंडी पाणी शोषून घेते, असं तिने मनाला समजावलं. मन समजलंही. पण लादीवरच्या ओलीचं तिने मनाला काही सांगितलं नाही, आणि मनानेही विचारलं नाही.

तुळस मात्र करपत चालली होती. मंजिऱ्या काळ्या पडून झडत होत्या. तिच्याच कुंडीतलं रोप रोज नवं पान काढत होतं.

"दुपारच्या टायमाक झाडांकडे जाव नको गे," आतून सासूचा आवाज आला. "झळ लागता त्यांका. दुपारी झाडांका हात लावूचो नसता."

सासू, रमाबाई, हल्ली रोज दुपारी गॅलरीच्या दाराला पाठ लावून बसायची. हातात तुळशीची माळ. दार तिच्या पाठीने बंद व्हायचं. शेवंतीला वाटायचं, म्हातारीला दाराची थंडाई बरी वाटत असेल.

३

वैशाख लागायच्या सुमारास एका सकाळी तांदूळ निवडता निवडता रमाबाई म्हणाली, "आखितीज जवळ इली."

शेवंतीचा हात सुपातच थांबला. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देतात. गेलेल्यांच्या नावाने. उन्हाळ्याच्या काहिलीत त्यांना वर पाणी मिळावं म्हणून.

"मामंजींच्या नावानं देऊ की," ती म्हणाली. "दरसाल देतो तसा."

"तुझ्या मामंजीक वरसां झाली. त्येका पानी पोचलेला असा." रमाबाईने एक खडा काढून बाजूला ठेवला. "माझ्या झिलाक तहान लागली असतली."

"आई!"

"ओरडा नको. शेजारी ऐकतत."

"ते येरवड्यात आहेत. खालच्या गणपतभाऊजींच्या मेव्हण्यानं सांगितलं, तिथे मालवणकडचे आठ-दहा जण आहेत. तुम्ही त्यांच्या नावानं घट द्यायला निघालात? जित्या माणसाच्या? आईच्या तोंडून..."

"मी देनंय नाय." रमाबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आवशीन झिलाक पानी देवचा नसता. झिलान आवशीक देवचा. देवान उलटा केल्यान, तर ता पानी बायलेन देवक होया. तू देशीत तरच पोचतला. म्हनान तुका सांगतंय. नायतर कवाच दिलेलंय असतंय."

"मी नाही देणार."

"तुझ्या कपाळाचा कुंकू माका जड झाला नाय गो."

"मग पुसायला का सांगताय?"

म्हातारी सुपातले तांदूळ पुन्हा पुन्हा तेच निवडत राहिली. शेवंती उठली, गॅलरीत गेली आणि मडकं काठोकाठ भरलं. भरलेलंच होतं, तरी वरून ओतलं. पाणी काठावरून सांडून तिच्या पावलांवर आलं. "पौर्णिमेला येतील," ती तुळशीला म्हणाली. "मग बघा म्हणावं."

त्या दिवसापासून दोघींमध्ये बोलणं उरलं ते मिठाचं, तेलाचं, नळाचं.

४

तृतीयेच्या आधी दोन-तीन दिवस हवा फिरली. सकाळपासून अंगाची लाही होत होती, आणि दुपार कलताना एकाएकी अंधारून आलं. धुळीचा लोट रस्त्यावरून उठला, पत्रे धडधडले, गच्चीवर बायकांचा एकच कल्लोळ. मग वळवाची सर तिरकी होऊन सरळ गॅलरीत घुसली. शेवंती गोकर्ण सावरायला धावली तोवर रमाबाईने मागून तिचं मनगट धरलं.

"जाव नको. थांबात ता."

"वेल तुटेल आई!"

"तुटांदे."

म्हातारीच्या हातात एवढं बळ कुठून आलं, शेवंतीला कळेना. दोघी दारामागे उभ्या राहिल्या. सर आली तशी गेली. घटकाभरात ऊन पडलं, जणू काही झालंच नव्हतं.

शेवंतीने दार उघडलं. डालड्याचे डबे तुडुंब भरून वाहत होते. मोगऱ्याच्या कळ्या चिखलात. जास्वंदीची एक फांदी मोडून लोंबत होती. गॅलरीची लादी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीशार ओली.

तुळशीच्या कुंडीत माती कोरडी होती. वरून बोटाने उकरली तर भुरभुर उडाली.

आणि कुंडीसमोर, त्या ओल्या लादीवर, एक कोरडा तुकडा होता. दोन पावलं, टाचा थोड्या उचललेल्या, आणि त्यांच्यामागे बूड टेकल्यासारखा गोल. पाऊस पडत असताना तिथे कुणीतरी उकिडवं बसलेलं होतं, आणि त्याच्या अंगाखालची जागा तेवढी भिजली नव्हती.

शेवंती पाहत असतानाच शेजारची ओल त्या कोरड्या जागेत चहूकडून शिरली. पावलं मिटली.

वरून पागोळ्या कशा पडल्या असतील, कुठे आडोसा झाला असेल, याचा तिने पुष्कळ विचार केला. खोकं थोडं पुढे होतं ना? त्याचाच आडोसा. आणखी काय असणार? रात्री तिने सासूशेजारी अंथरूण घातलं. लग्न झाल्यापासून ती कधी तिच्याजवळ झोपली नव्हती. रमाबाईने नुसती चादर तिच्याकडे सरकवली.

५

दुसऱ्या दिवशी शांता मोडलेल्या जास्वंदीला पट्टी बांधायला आली. हाताने काम, तोंडाने गप्पा. अँटॉप हिलला राहणाऱ्या बहिणीकडे म्हणे गारा पडल्या, कैऱ्या झोडपून निघाल्या. बोलता बोलता तिची नजर तुळशीच्या कुंडीवर गेली.

"हे काय वाढवलंस गं?"

"चाफा. सोनचाफा. त्यांनी बी आणलं होतं."

शांताने पान बोटात धरलं. आता ते तांबूस राहिलं नव्हतं, हिरवं झालं होतं, आणि खाली लांब शेपूट निघालं होतं. वारा पडलेला होता. गोकर्णीचं पानही हलत नव्हतं. ते पान मात्र शांताच्या बोटांत थरथरत होतं.

"शेवंते, चाफा न्हवं हा. पिंपळ हाय."

"काहीतरीच!"

"अगं, शेपूट बघ की. कावळ्यानं बी टाकलं आसंल. घरात ठेवू नये, उपटूबी नये. देवळामागं नेऊन लावू..." शांता बोलता बोलता थांबली. तिची नजर पानावरून वर गेली. काडीच्या टोकाला थेंब लोंबत होता. शिंकं. मडकं. बुडाला भोक. खाली पिंपळ. थेंब सुटला आणि पानावर टप् झाला.

शांताने हात असा झटकला जणू भाजला.

कुणी गेलं की दहा दिवस पिंपळाला असंच मडकं टांगतात. वाटेवर असलेल्याला प्यायला पाणी लागतं.

"मी... मिरच्या राहिल्यात वर," असं म्हणून शांता निघून गेली. एरवी ती जिन्यावरूनही बोलत जायची. आज जिन्यावर नुसती पावलं वाजली.

शेवंतीने मान वर करून पाहिलं. सुंभाने पीळ सोडला नव्हता. तुळईत खिळे दोन होते. तिने स्वतः शिंकं अडकवलं होतं तो तुळशीच्या वरचा. आणि ते लटकत होतं तो दुसरा, नवा, अजून चकचकीत.

"आई." ती आत आली. "मडकं तुम्ही सरकवलंत?"

रमाबाई माळ ओढत होती. मणी थांबले नाहीत. "होय."

"तुम्हाला ठाऊक होतं? ते झाड..."

"माका दोन पानांचा होता तवाच म्हायत होता. गावाक घराच्या पाठल्यान पिंपळच आसा." मणी आता थांबले. "तू चाफो चाफो म्हनत व्हतंस. तुझ्या तोंडावरचा हसना बघून माझी जीभ उचालली नाय. मग तू गळती लावलंस. म्हटलंय, घट ही देनार नाय. पन पानी तर हिच्याच हातचा असा. बायलेच्या हातचा. तसा तर तसा पोचांदे."

"माझं व्रत होतं, आई. ते यावेत म्हणून मी..."

"मगे?" म्हातारीने पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळे कोरडे, लालभडक. "येता तो. रोज दुपारचो येता. तुका दिसा नये म्हनान मी दाराक पाठ लावन बसतंय."

शेवंतीला हसू आलं. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं तिला मनापासून वाटलं, आणि त्या वाटण्याचा तिला आधारही वाटला. तो आधार पुढच्या दुपारपर्यंत टिकला.

६

तृतीयेच्या आदल्या दिवशी रमाबाईच्या अंगात कणकण होती. सकाळी अवचित गार वारं सुटलं होतं, ते बाधलं. ती खाटेवर मुटकुळं करून पडली. दाराला टेकायला कुणी नव्हतं.

चाळ दुपारची सुस्तावली होती. पहिल्या पाळीचे परतलेले नव्हते, दुसऱ्या पाळीचे गेले नव्हते. कुठेतरी खलबत्ता कुटला जात होता तोही थांबला. शेवंती दाराच्या आतल्या बाजूला बसली होती. दार लोटलेलं, फटीतून उन्हाची एक पट्टी तिच्या मांडीवर.

टप्. टप्. टप्. थेंब पानावर पडत होता.

मग पडेनासा झाला.

मडकं रिकामं झालं असेल? पण ते आत्ताच भरलं होतं. तिने कान दिला. थेंब पडत नव्हता, त्याऐवजी दुसरा आवाज येत होता. घुटका. थोडी वाट. पुन्हा घुटका. घशातली घाटी वरखाली होतानाचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ते भांड्याला कधी तोंड लावत नसत. मान मागे टाकून वरून पीत, आणि दर घोटाला घसा वाजे. लग्नाच्या नवलाईत ती त्यावर त्यांना हसली होती.

तिने फटीला डोळा लावला.

तिनेच बांधलेलं गोणपाट मध्ये होतं आणि पलीकडून ऊन. गोणपाटाखाली उघड्या राहिलेल्या जागेत दोन टाचा होत्या, उचललेल्या. भेगाळलेल्या. गोणपाटावर सावली होती, उकिडव्या बसलेल्या माणसाची, मान पुरती मागे टाकलेली. वारा नव्हता, तरी गोणपाटाची कड हातभर हलली, आणि तेवढ्यात तिला पाठ दिसली. पांढरा सदरा. खांद्यावर ठिगळ. पांढरा दोरा संपला म्हणून तिने ते निळ्या दोऱ्याने शिवलं होतं.

घुटका. आणि त्या घुटक्याबरोबर मानेच्या मागून, केसांच्या खालून, पाण्याची एक धार निघाली. पाठीवरून उतरली, सदरा भिजवत, खाली लादीवर. हातभर अंतरावर. रोज ओली व्हायची तिथे.

घुटका. धार. घुटका. धार. जेवढं आत जात होतं तेवढं बाहेर येत होतं. पीत होते, पीतच होते. पोटात काही जात नव्हतं.

मान सावकाश सरळ होऊ लागली. वळू लागली.

शेवंतीने डोळे मिटले. हात आपोआप कपाळाकडे गेला आणि कुंकवावर तळवा ठेवून ती तशीच बसून राहिली, पोराच्या डोक्यावर पावसात हात धरावा तशी. बाहेर पुन्हा टप् टप् सुरू झालं, तरीही.

संध्याकाळी तिने रमाबाईला काढा पाजला. पेला खाली ठेवत म्हणाली, "उद्या घट मी देते."

म्हातारीने तिचा हात आपल्या गालाशी धरला आणि सगळ्या महिन्यांचं रडू एकदम रडली.

७

नवा घट, त्यात वाळा, वर आंबा. देवळाच्या ओट्यावर गंगाधरभट बसले होते. तापलेल्या फरशीवर पाणी शिंपडून त्यांनी जागा गार केली होती. आकाश त्या दिवशी स्वच्छ होतं, एक ढग नाही. शेवंतीला ते शुभ वाटलं. तिला अजूनही गोष्टी शुभ वाटत.

"हं, नाव सांगा," भट म्हणाले. "कुणाच्या नावानं?"

नाव. नवऱ्याचं नाव ती आयुष्यात एकदाच मोठ्याने बोलली होती, लग्नात, घास भरवताना, उखाण्यात गुंफून. मांडव हसला होता आणि ते लाजून खाली बघत होते. त्यानंतर ते नाव तिने ओठांवर कधी आणलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मनात रोज घेत होती. आता ते बोलायचं होतं, आणि बोललं की ते शेवटचं. घरी जाऊन बांगड्या. कपाळ. त्यांना पाणी मिळालं असतं, आणि ती त्यांची कुणी राहिली नसती.

"बाई, उन्हात लोक उभे आहेत मागे."

तिने तोंड उघडलं. 'र' जिभेवर आला, तिथेच अडला.

"रामजी," ती म्हणाली. सासऱ्याचं नाव.

भटांनी पळीभर पाणी सोडलं. झालं.

परत येताना ती भरभर चालली. दिलं ना पाणी? घरच्याच माणसाला दिलं. बाप लेकाला देणार नाही का त्यातलं? आईच्या मायेने देईल. देव एवढा हिशेबी नसतो. जिना चढेपर्यंत तिची खात्रीच पटली की तिने दोन्ही राखलं.

वर रमाबाईने शिंकं उतरवून ठेवलं होतं. मडक्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं होतं. पिंपळाचं रोप शांताने मातीसकट काढून देवळामागे नेलं होतं. शेवंतीने कुंडीत बोट घातलं. काळी, गार, ओली माती बोटाला चिकटली. लादी कोरडी ठणठणीत होती. तुळशीच्या बुडाशी एक हिरवा ठिपका फुटला होता.

"नाव त्याचाच घेतलंस मा?" रमाबाईने विचारलं. तिची नजर सुनेच्या कपाळावर होती.

"त्यांचंच. कुंकू आजचा दिवस राहू दे, आई. सणाचं."

म्हातारीने मान हलवली. गॅलरीचं दार लावून घेतलं आणि प्रथमच त्याला पाठ न लावता पानावर येऊन बसली. कितीतरी दिवसांनी दोघी समोरासमोर जेवल्या. आमरस गोड होता. रमाबाईने दुसऱ्यांदा मागून घेतला.

"पानी दी गे वाईच. घशाक कोरड पडली."

माठ आतल्या कोपऱ्यात, अंधाऱ्या बाजूला. सकाळी नळ जायच्या आधी शेवंतीने तो गळ्यापर्यंत भरला होता. आता संध्याकाळपर्यंत नळाला पाणी येणार नव्हतं. तिने झाकण काढलं आणि ओगराळं आत सोडलं. ते खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि कोरड्या मातीवर खट्ट वाजलं.

माठापासून हातभर अंतरावर तिच्या पायाला लादी ओली लागली.

"शेवंते? आनतंस मा?"

कोपऱ्यात, अगदी तिच्या कानाशी, कुणीतरी घोट गिळला; तोंडात पाणी नसताना गिळतात तसा. थोडी वाट. पुन्हा गिळला.

चैत्री पौर्णिमेपासून तिने एवढंच मागितलं होतं. ते घरी यावेत. शेवंतीने पदर डोक्यावरून नीट घेतला, रिकामा तांब्या उचलला आणि कोपऱ्याकडे पाठ न करता, हलक्या आवाजात म्हणाली, "वाईच थांबा. आणते."

आणि संध्याकाळच्या नळाची वाट बघत, हातात तांब्या धरून तिथेच उभी राहिली.